जुना नकाशा हातात आला, तर आधी काय बघायचं?

बरीच वर्षं झाली त्याला. मुंबईतल्या एका जुन्या बाजारात मी सोळाव्या शतकातल्या ऑर्टेलियस या नकाशाकाराचा म्हणून एक नकाशा घेतला होता. भारत, आग्नेय आशिया आणि त्याभोवतीची बेटं. खाली समुद्रात जलपऱ्या, शेजारी एका जहाजावर तुटून पडलेले दोन अक्राळविक्राळ जलचर. कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. महिन्याच्या पगाराचा चांगला मोठा लचका गेला. घरी आणला तेव्हा शेजारचे काका बसले होते. आयुष्यभर छापखान्यात काम केलेला माणूस. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, जलपरीच्या केसांवर धरलं आणि म्हणाले, "बाळ, जरा डोळा लाव."

डोळा लावला. केसांच्या जागी बारीक बारीक ठिपके होते. निळे, गुलाबी, पिवळे, काळे, गोल नक्षीत बसवल्यासारखे. ते विसाव्या शतकातल्या ऑफसेट छपाईचे ठिपके. १५७० साली अँटवर्पमध्ये छापलेल्या कागदावर ते येणं शक्यच नाही. कागदाचा पिवळेपणाही चहाच्या पाण्यातून आला होता, हे काकांनी वास घेऊन सांगितलं.

त्या दिवसापासून माझा खरा अभ्यास सुरू झाला. लोक मला विचारतात, "आजोबांच्या ट्रंकेत जुना नकाशा सापडलाय, किती येतील?" किंवा "छंद म्हणून सुरू करायचंय, कुठून करू?" दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे: नकाशा आधी वस्तू म्हणून वाचायला शिका. त्यावरचा प्रदेश नंतर. कागद, शाई, ठसा आणि रंग, या चार गोष्टी वाचता आल्या की किंमत बरीचशी आपोआप समजते.

ठसा कसा उमटला?

बाजारात सुटे मिळणारे बहुतेक जुने नकाशे मुळात एखाद्या ॲटलासचं किंवा प्रवासवर्णनाचं पान असतात. म्हणून मधोमध घडी असते आणि घडीच्या मागे बांधणीसाठी चिकटवलेली कागदाची पट्टी किंवा तिची खूण दिसते. घडी म्हणजे दोष नाही, उलट ती असली की बरं वाटतं.

छपाईच्या पद्धतीवरून काळ ढोबळमानानं कळतो. पंधराव्या आणि सोळाव्या शतकात लाकडी ठोकळ्यावर कोरून छापायचे. टॉलेमी या प्राचीन भूगोलतज्ज्ञाच्या ‘भूगोल’ ग्रंथाची १४८२ ची, जर्मनीतल्या उल्मची आवृत्ती अशीच आहे. रेषा जाड, अक्षरं थोडी ओबडधोबड. मग तांब्याच्या पत्र्यावर कोरायची पद्धत आली आणि तिनं जवळजवळ अडीचशे वर्षं राज्य केलं. इथं शाई कोरलेल्या खाचेत भरतात, पत्र्याचा वरचा भाग पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढतात. त्या दाबानं पत्र्याच्या कडेची चौकट कागदात रुतते. नकाशाच्या रेषेबाहेर, समासात बोट फिरवलं तर ही चौकट हाताला लागते. रेषांवरून अलगद बोट फिरवलं तर शाईचा किंचित उंचवटाही जाणवतो. साध्या फोटो-प्रतीत हे दोन्ही नसतं. दाबाची खोटी चौकट उमटवणारे लोकही आहेत, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

१८२० नंतर पोलादी पत्रे आले. पोलाद कठीण, त्यामुळे केसापेक्षा बारीक रेषा कोरता येतात आणि हजारो प्रती काढल्या तरी पत्रा झिजत नाही. आणि शिळाप्रेस तर आपल्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत आहे. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या अजून कित्येक देवघरांत आहेत. त्याच तंत्रानं, दगडावर चरबीयुक्त शाईनं काढून, एकोणिसाव्या शतकात ढिगानं नकाशे छापले गेले. शिळाछाप नकाशाला पत्र्याची चौकट नसते. ती नाही म्हणून नकाशा खोटा ठरवू नका, आधी तो कोणत्या पद्धतीचा आहे ते ठरवा.

आता तोच कागद खिडकीसमोर धरा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या बहुतेक कागदांत उजेडात एकमेकांना लागून बारीक रेषा दिसतात आणि त्यांना छेदणाऱ्या, बोटभर अंतरावरच्या ठळक रेषा. कागद ज्या तारेच्या चाळणीवर पसरला, तिच्या त्या खुणा. कुठे द्राक्षाचा घड, कुठे मुकुट, कुठे लिलीचं फूल असं जलचिन्हही, म्हणजे कागद करणाऱ्याची खूण, सापडतं. चाळणीच्या खुणा नसलेला गुळगुळीत कागद इंग्लंडमध्ये १७५७ च्या सुमारास पहिल्यांदा वापरात आला आणि पुढच्या शतकात सर्रास झाला. म्हणजे सतराव्या शतकातला म्हणून दाखवलेला नकाशा जर अशा गुळगुळीत कागदावर असेल, तर तिथंच थांबावं. १८५० नंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. तो आम्लामुळे आपोआप तांबूस आणि ठिसूळ होतो. त्यामुळे शंभर वर्षांचा नकाशा कित्येकदा चारशे वर्षांच्या नकाशापेक्षा म्हातारा दिसतो. चिंध्यांपासून बनवलेला जुना कागद दमदार असतो, हलवला की खडखड वाजतो.

रंगाची एक परीक्षा मला फार आवडते. त्या काळचा हिरवा रंग तांब्याच्या गंजापासून करायचे. तो कागद हळूहळू खातो. म्हणून जुन्या रंगाचा नकाशा उलटा करून पाहिला, की पुढे जिथे हिरवं आहे तिथे मागे तपकिरी डाग आरपार आलेले दिसतात. मागची बाजू स्वच्छ आणि पुढचा हिरवा टवटवीत असेल, तर रंग बहुधा नंतर कुणीतरी भरलेला आहे. नंतरचा रंग म्हणजे फसवणूकच असं नाही, पण ते सांगून विकलं पाहिजे.

शाईनं मोठमोठ्यांना फसवलंय आणि शाईनंच सोडवलंय. येल विद्यापीठानं १९६५ साली ‘विनलँड नकाशा’ जगासमोर आणला. कोलंबसच्या आधी युरोपीय लोकांना अमेरिका माहीत होती, याचा पुरावा म्हणून. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी २०२१ मध्ये येलनंच तो बनावट असल्याचं जाहीर केलं. त्याच्या शाईत टायटॅनियमचं एक संयुग सापडलं होतं, जे रंगांत १९२० च्या दशकापासून वापरलं जाऊ लागलं.

जुना म्हणून महाग? तसं नाही

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. वय हा किमतीचा एक घटक आहे, आणि तोही पहिला नाही. पहिला घटक म्हणजे कुठला प्रदेश आणि तो कुणाला हवाय. पोलंडच्या एखाद्या परगण्याचा १६५० चा सुंदर नकाशा मुंबईच्या १८५० च्या साध्या आराखड्यापेक्षा स्वस्त मिळू शकतो, कारण मुंबईचं गिऱ्हाईक मुंबईतही आहे, लंडनमध्येही आणि न्यू जर्सीतही.

मग दुर्मीळपणा. याचं एक चांगलं उदाहरण मुघल साम्राज्याच्या नकाशाचं आहे. जहांगीरच्या दरबारात आलेला इंग्रज राजदूत सर थॉमस रो मायदेशी परतला, तेव्हा त्यानं जमवलेल्या माहितीवरून विल्यम बॅफिननं १६१९ मध्ये एक नकाशा तयार केला. हाच तो बॅफिन, ज्याच्या नावाचा उपसागर कॅनडाच्या उत्तरेला आहे. त्या नकाशाची मूळ प्रत आज फारच क्वचित दिसते आणि दिसली तर मोठ्या ग्रंथालयांत. पण ॲमस्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्यानं त्याच आधारावर आपला नकाशा कोरला आणि तो ॲटलासातून पुन्हा पुन्हा छापला. तो आजही बाजारात येतो आणि मध्यम ऐपतीचा हौशी माणूस तो घेऊ शकतो. माहिती तीच, आराखडा तोच, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

दुर्मीळपणाचं टोक पाहायचं तर जर्मन नकाशाकार वाल्डसेमुलरचा १५०७ चा जगाचा नकाशा. ‘अमेरिका’ हे नाव पहिल्यांदा त्यावर आलं. हजार प्रती छापल्याचं सांगतात, टिकली एकच. ती १९०१ मध्ये जर्मनीतल्या एका गढीत सापडली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००३ मध्ये एक कोटी डॉलरला घेतली.

तिसरी गोष्ट जरा किचकट आहे, पण इथेच संग्राहकाची नजर तयार होते. तांब्याचा पत्रा महाग, तो फेकून कोण देणार? एकाच पत्र्यावरून पन्नास-पन्नास वर्षं छपाई चाले. मध्ये मालक बदलला की जुनं नाव घासून नवं कोरायचं. नवं शहर वसलं की पत्रा मागून ठोकून तेवढा भाग सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचा. अशा प्रत्येक टप्प्याच्या प्रती वेगळ्या धरतात आणि पहिल्या टप्प्याची प्रत बहुधा जास्त मोलाची. म्हणून नकाशावर कोरलेलं साल म्हणजे छपाईचं साल समजू नये. ऑर्टेलियसच्या बाबतीत एक सोय आहे. त्याच्या ॲटलासच्या आवृत्त्या १५७० पासून १६१२ पर्यंत निघाल्या, लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्लिश, इटालियन अशा भाषांत. नकाशाच्या पाठीवर त्या त्या भाषेतला मजकूर आहे. तो मजकूर कुठे तुटतो, पान क्रमांक कोणता, यावरून आवृत्ती ओळखता येते. माझ्या त्या नकली नकाशाची पाठ कोरी होती. तेवढं माहीत असतं, तर भिंगाचीही गरज पडली नसती.

अवस्थेबद्दल फार लिहीत नाही, कारण ती डोळ्यांना दिसते. समास कापलेला, घडीवर फाटलेला, तपकिरी ठिपक्यांनी भरलेला, मागून जाड पुठ्ठ्याला डकवलेला, अशा प्रत्येक गोष्टीनं किंमत उतरते. समास कापलेला असेल तर जास्तच, कारण तो परत आणता येत नाही.

आणि चुका! चुकांनी किंमत वाढते, हे नवख्याला पटत नाही. कॅलिफोर्निया बेट आहे असं दाखवणारे सतराव्या शतकातले नकाशे मुद्दाम जमवणारे लोक आहेत. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ‘चियामाय’ नावाचं सरोवर. भारताच्या ईशान्येला एक विशाल तळं आणि त्यातून दक्षिणेकडे निघालेल्या नद्या, असं कित्येक युरोपीय नकाशांत दोनशे वर्षं येत राहिलं. तसं तळं तिथे कधी नव्हतंच. कुणी जाऊन पाहिलं नाही, एकानं दुसऱ्याचं उतरवलं, आणि कागदावर पाणी साचत राहिलं.

आपला किनारा परक्यांच्या अक्षरांत

मराठी माणसानं या छंदात का पडावं, याचं माझं उत्तर नावांमध्ये आहे. टॉलेमी अलेक्झांड्रियात बसून दुसऱ्या शतकात लिहीत होता. त्याच्या यादीवरून काढलेल्या नकाशांत भारताला द्वीपकल्पाचा आकारच नाही, श्रीलंका मात्र अवाढव्य. पण पश्चिम किनाऱ्याजवळ नीट बघा. सुप्पारा म्हणजे सोपारा. सिमिल्ला म्हणजे चौल. आत बैठाना, म्हणजे आपलं पैठण, आणि तगर म्हणजे तेर. सातवाहनांचा व्यापार जिथवर पोचला, तिथून ही नावं परत आली.

पुढच्या नकाशांत चौल, दाभूळ, बसाईं, बोंबाईं. विजापूरचं ‘विझापूर’. विजयदुर्गाला इंग्रज ‘घेरिया’ म्हणत आणि सुवर्णदुर्गाचं त्यांनी ‘सेवर्नद्रूग’ केलं. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला, त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये बांधलेला ‘सेवर्नद्रूग’ नावाचा मनोरा आजही उभा आहे. हर्णैच्या समुद्रातल्या किल्ल्याचं नाव लंडनच्या टेकडीवर, तेही मोडक्या उच्चारात! अशी नावं उलगडत बसणं हे माझ्या मते या छंदातलं सर्वांत मोठं सुख आहे.

गोव्याचं तर वेगळंच दालन आहे. ब्राऊन आणि होगेनबर्ग यांनी जर्मनीतल्या कलोनमधून १५७२ पासून जगभरच्या शहरांची चित्रं काढली. त्यांच्या एका पानावर चार शहरं आहेत: आन्फा, अझेम्मूर, दीव आणि गोवा. पहिली दोन मोरोक्कोतली. मोरोक्कोचा गोव्याशी काय संबंध? पोर्तुगीज आरमार हाच तो संबंध. नकाशा पानाच्या मांडणीतूनही बोलतो तो असा. त्यानंतर यान हाउखेन फान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपचा कारकून म्हणून पाचेक वर्षं राहिला आणि पोर्तुगीजांची जपून ठेवलेली माहिती टिपून घेऊन गेला. १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं पुस्तक आलं. त्यातला जुन्या गोव्याचा आराखडा भला मोठा आहे. मांडवीचा काठ, गल्ल्या, चर्चेस, बाजार. ज्या जागी आज बॅसिलिका आणि सी कॅथेड्रलच्या भोवती मोकळी हिरवळ आहे, तिथे केवढं गजबजलेलं शहर होतं, हे तो आराखडा बघताना कळतं. हा नकाशा महाग आहे, लाखांत जातो. मी तो फक्त पडद्यावर पाहिला आहे, आणि तरी तासन् तास पाहिला आहे.

कोरी जागाही वाचायची असते. फ्रेंच नकाशाकार दांव्हील यानं १७५२ मध्ये भारताचा नकाशा काढला, तेव्हा जिथली खात्रीची माहिती नाही तिथे त्यानं जागा सरळ कोरी सोडली. आधीचे लोक तिथे हत्ती आणि डोंगर काढून वेळ मारून नेत. मला दांव्हीलचा हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो.

याच्या उलट जेम्स रेनेलचा १७८२ चा ‘हिंदुस्तान’. बंगालची मोजणी करताना संन्याशांच्या हल्ल्यात मरता मरता वाचलेला हा माणूस. त्याच्या नकाशाच्या शीर्षकाभोवती एक चित्र आहे: ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, उभी आहे आणि ब्राह्मण नम्रपणे आपली शास्त्रं तिच्या हाती देत आहेत. १७८२ मध्ये मराठ्यांचं राज्य ऐन भरात होतं, सालबाईचा तह त्याच वर्षीचा. नकाशा काढणाऱ्यानं मात्र कोपऱ्यात पुढच्या काळाची इच्छा चितारून ठेवली. शीर्षकाच्या या सजवलेल्या चौकटीला कार्टूश म्हणतात. विकत घेताना लोक प्रदेश बघतात आणि कार्टूश सोडून देतात. ती चूक करू नका.

सुरुवात कुठून?

छोट्यापासून. १९०९ च्या इंपिरिअल गॅझेटिअरचा नकाशांचा खंड किंवा १८९३ चा कॉन्स्टेबलचा हँड ॲटलास यांतली सुटी पानं अजूनही आवाक्यात आहेत. ‘ॲटलास ऑफ इंडिया’चे तक्ते थोडे वरच्या किमतीचे. १८२७ पासून निघालेले, एका इंचाला चार मैल या प्रमाणाचे. त्यात आपला तालुका, आपली नदी, कधी कधी आपलं गावही सापडतं. ज्या महासर्वेक्षणावर ते उभे आहेत, ते विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलं आणि मोजत मोजत उत्तरेकडे येताना १८२३ मध्ये त्यानं हिंगणघाटला देह ठेवला. त्याचं थडगं तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या कुणी हा छंद धरला, तर पहिला तक्ता कुठला घ्यायचा हे मी सांगायला नको.

घेण्याआधी खूप बघा. डेव्हिड रम्सी यांचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे, हवा तेवढा मोठा करून पाहता येतो. हातातला तुकडा आणि पडद्यावरची प्रत शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. किंमत काढताना दुकानदारानं मागितलेला भाव आणि लिलावात प्रत्यक्ष मिळालेला भाव यांत गल्लत करू नका. मागितलेला भाव ही इच्छा असते. लिलावात बोलीवर वीस-पंचवीस टक्के लिलावघराचं कमिशन चढतं, आणि परदेशातून मागवलं तर टपाल, कस्टम, कर वेगळे.

नकाशा कुठून आला हे विचारायला संकोच करू नका. २००५ मध्ये येलच्या ग्रंथालयात जमिनीवर पडलेलं एक पातं एका कर्मचाऱ्याच्या नजरेस पडलं आणि एक नामांकित नकाशा-विक्रेता पकडला गेला. वेगवेगळ्या ग्रंथालयांतून सत्त्याण्णव नकाशे कापून नेल्याचं त्यानं कबूल केलं. खोडलेला शिक्का, एका बाजूनं ताजा कापलेला समास, सांगताना अडखळणारा विक्रेता, यांतलं काहीही दिसलं तर हात मागे घ्या. अखंड ॲटलास फोडून पानं सुटी विकण्याची पद्धत कायदेशीर असली, तरी मला ती पटत नाही. शाबूत ॲटलास हाती आला, तर तो शाबूतच राहू द्या.

कायदाही लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा कागदपत्र असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या लेकीला भेट म्हणून आजोबांचा नकाशा बॅगेत टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

राहता राहिली निगा. लॅमिनेशन करू नका, कितीही जवळच्या माणसानं सांगितलं तरी. सेलोटेप लावू नका, तो दहा वर्षांत कागदात तपकिरी पट्टा सोडतो आणि तो निघत नाही. फ्रेमवाल्याला आम्लरहित माउंट वापरायला सांगा, आणि नकाशा पुठ्ठ्याला चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावल्या की तो नीट लटकतो आणि हवा तेव्हा सुटतोही. ऊन थेट पडेल अशा भिंतीवर नको, आणि आपल्याकडे बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच नको. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल धरते, काचेच्या आत बुरशी चढते आणि कसर लागते.

माझ्याकडे बेलां या फ्रेंच नकाशाकाराच्या १७६४ च्या छोट्या ॲटलासातला मुंबईचा आराखडा आहे. वहीच्या पानाएवढा. वरच्या कोपऱ्यात खंड आणि पान क्रमांक छापलेले आहेत, त्यावरूनच मला तो कुठल्या पुस्तकातला ते कळलं. दर वर्षी मृग लागायच्या आत मी तो भिंतीवरून उतरवतो, मऊ ब्रशनं काचेची धूळ झटकतो, फ्रेमची पाठ उघडून खिडकीत धरतो. चाळणीच्या रेषा दिसतात. मग आम्लरहित कागदात गुंडाळून तो लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवतो, दसऱ्यापर्यंत.